अर्धा र

सुरू होण्याआधीच त्यानं बजावलं होतं,
ही आवृत्ती अजून कच्ची आहे,
महत्त्वाच्या कामासाठी वापरू नका.

मी टेबलावर पाहिलं.
उत्पन्नाचे चार दाखले, एक वीजबिल,
पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, शेवटची तारीख उद्या,
आणि लुगड्याच्या गाठीत बांधून आणलेलं
कुणाचं तरी आधार कार्ड.
यातलं बिनमहत्त्वाचं कोणतं?

तरी 'पुढे' दाबलं.
जुनी प्रणाली म्हातारी झाली होती,
तिला आता औषधही पाठवणार नाहीत म्हणे.
आणि खरं सांगायचं तर
नेर-दारव्हा रस्त्यावरच्या या पत्र्याच्या खोलीत
जगात अजून न आलेली एक वस्तू
आधी माझ्याकडे आली होती.
तीन रात्री लागल्या उतरवायला,
टाकीच्या पायऱ्यांवर बसून, रेंज तिथंच येते.

"कच्चं म्हंजे किती कच्चं?" दुर्योधनभाऊंनी विचारलं.
कुटारात घातलेल्या सीताफळाएवढं, मी म्हटलं.
रोज सकाळी दाबून पाहायचं.
"अन् लवकर फोडलं त?"
त दात आंबतात, भाऊ.

पहिल्या आठवड्यात आवाज गेला.
नाही तरी कुणाला ऐकायचा होता.
मग अंगठ्याचं यंत्र त्याला ओळखू येईना.
सदाशिव उईके हयातीच्या दाखल्यासाठी आलेले,
तीनदा अंगठा टेकवला, चौथ्यांदा थुंकी लावून.
पडदा म्हणाला, काहीही आढळले नाही.
"मंग म्या मेलो काय वं, वनमाला?"
हसले तेच आधी.
मी कोपऱ्यातलं जुनं यंत्र उघडलं, ते धापा टाकत उठलं,
आणि वीस मिनिटांनी उईके
पुन्हा जिवंत झाले सरकारदरबारी.

पण खरी गंमत कुंदाबाईंच्या नावात झाली.
कुंदा पंजाबराव वऱ्हाडे.
वऱ्हाडे लिहिलं की व उमटे,
मग ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ,
आणि त्याच्या कडेला हाडे.
"हाडं काय लिहिले माह्या नावात?" बाई म्हणाल्या.
मी निळ्या पेनानं अर्धा र काढून दिला.
तहसीलनं कागद परत पाठवला: खाडाखोड चालत नाही.

त्या रात्री एकेक शब्द टाकून पाहिला.
पऱ्हाटी. तुटली.
गोऱ्हा, कुऱ्हाड, सारखीच तऱ्हा.
तऱ्हाही तुटली.
वऱ्हाड तर फुटलंच, पोट फाटल्यागत.
ज्यानं बनवलं त्याला
माझं अख्खं शिवार अर्ध्या अक्षरापाशी अडतं
हे कसं ठाऊक असणार?

मग तक्रार लिहिली.
आमच्यात एक र आहे, तो उभा राहत नाही,
पुढच्या अक्षराला टेकून आडवा पडतो,
दुपारी बांधावर माणूस पडतो तसा.
तुमच्याकडे पऱ्हाटी नसेल.
कुऱ्हाड असेल, पण तिला हा र लागत नसेल.
सोबत फोटो जोडला, वहीच्या पानावर पेनानं काढलेला.

बावीस दिवस काही नाही.
मग एका ओळीचं उत्तर आलं, कुणा अनोळखी माणसाचं:
दिसलं. पुढच्या खेपेत.

खेप आली ती रात्री दोनला, लाईन होती म्हणून.
अंधारात पडद्याच्या उजेडात टंकलं, वऱ्हाडे.
र आडवा, अगदी घरच्यासारखा, ह ला टेकून.
पऱ्हाटी उगवली. गोऱ्हा चारी पायांवर उभा.
मी एकटीच मोठ्यानं वाचत बसले,
शेजारच्या कुत्र्यानं दोनदा भुंकून साथ दिली.

सकाळी कुंदाबाईंना बोलावलं.
त्यांनी पडद्याजवळ नाक नेलं, बोट फिरवलं नावावरून,
काचेवर हळदीचा डाग राह्यला.
"आता पुरी हाव," म्हणाल्या. "काढ कागद."

कागद निघेना.
या खेपेत अर्धा र आला होता
आणि प्रिंटर गेला होता.

बाई बाकड्यावर टेकल्या, पिशवीतून सीताफळ काढलं,
दाबून पाहिलं,
परत ठेवलं.
"बसतो थोडं," म्हणाल्या.
मी नवी तक्रार लिहायला घेतली.